चेहऱ्यावरच्या डागांवर लाइट मारून घेण्याआधी

चेहऱ्यावरचे डाग घालवणारी लाइटची ट्रीटमेंट, मग ती आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे दिव्याचा तीव्र झोत) असो की लेझर, एकच गोष्ट शोधते: मेलॅनिन, म्हणजे कातडीतला काळा-तपकिरी रंग. हा रंग डागातला की शेजारच्या निरोगी कातडीतला, हे तिला कळत नाही. गोऱ्या कातडीवर हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथं गडद असतो तो डागच. आपल्याकडे विदर्भात डाग आणि बाजूची कातडी यांच्या रंगात मुळातच अंतर थोडं, त्यात चेहरा उन्हानं रापलेला. गोऱ्या कातडीसाठीची सेटिंग इथं लावली तर डाग जागेवर राहतो आणि भोवतालचा चेहरा भाजतो.

ही ट्रीटमेंट फसवी नाही. काही डागांवर ती फार छान चालते. पण वावरात राबणाऱ्या सावळ्या माणसासाठी ती पहिली पायरी कधीच नसते. आधी डाग ओळखायचा, मग ऊन अडवायचं, मग मलम, आणि त्यानंतरही जे उरेल त्याच्यासाठी लाइट. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि चेहऱ्यावर आधीपेक्षा जास्त काळं उरतं.

डाग नेमका कशाचा

"उन्हानं काळं पडलं" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्या एका वाक्यात कित्येक वेगवेगळे त्रास दडलेले असतात.

नुसतं रापणं ओळखायला सोपं. ब्लाउजची बाही किंवा शर्टाची कॉलर संपते तिथं रंगाची सरळ रेघ दिसते. कातडीचा वरचा थर साधारण महिना-दीड महिन्यात नवा होतो, त्यामुळे ऊन खरोखर अडवलं तर दोन-तीन महिन्यांत हा रंग बराचसा उतरतो. यासाठी लाइट मारून घेण्यात अर्थ नाही, उलट ताज्या रापलेल्या कातडीवर ती मारणं धोक्याचं.

वांग वेगळं. दोन्ही गालांवर, नाकाच्या दांड्यावर, कपाळावर, वरच्या ओठावर, डाव्या-उजव्या बाजूला जवळपास सारखे तपकिरी चट्टे. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर ते दिसू लागतात, बऱ्याचदा आईला किंवा मावशीलाही असतात. ऊन त्यांना गडद करतं, पण ऊन म्हणजे फक्त अतिनील किरण नव्हेत. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, त्यातही त्याचा निळा-जांभळा भाग, सावळ्या कातडीत वांग वाढवतो. चुलीच्या धगीचाही त्यात हात असतो असं त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

गाजर गवताबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथं सगळ्यात जास्त फसगत होते. धुऱ्यावर आणि रस्त्याच्या कडेला माजलेल्या या तणाचा सुकलेला बारीक भुसा हवेत उडतो. काही माणसांच्या कातडीला त्याची ॲलर्जी होते. चेहरा, मान, कोपराच्या आतली बाजू खाजते, जाड होते आणि काळी पडत जाते. लांबून बघितलं तर उन्हानंच करपल्यासारखं दिसतं. ओळखायची खूण अशी: वरची पापणी, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची खाच नीट बघा. या जागांवर ऊन फारसं पोचत नाही, हवेतला भुसा मात्र पोचतो. तिथंही कातडी काळी, जाड आणि खाजरी झाली असेल तर संशय गाजर गवतावर घ्यायचा. जुनाट झाली की याच कातडीला पुढे ऊनही सोसेनासं होतं. अशा चेहऱ्यावर फोटो फेशियल, म्हणजे आयपीएल, करणं म्हणजे त्रास वाढवून घेणं. इथं ॲलर्जीचे उपचार लागतात आणि घराभोवतीचं गवत फुलोऱ्यावर येण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तरी उपटून घ्यावं लागतं. ज्याला ॲलर्जी आहे त्यानं ते उपटू नये, जाळतानाच्या धुरातही उभं राहू नये.

कपाळाच्या मधोमध, टिकलीच्या नेमक्या जागी डाग असेल तर टिकलीचा डिंक किंवा कुंकवातला रंग तपासा. डिंकामुळे बहुधा पांढरा डाग पडतो, कुंकवामुळे काळा. केसांना काळा डाय लावणाऱ्यांच्या कपाळाच्या कडेला आणि कानापुढे राखाडी-काळा पट्टा येतो. कारण चालू असेपर्यंत यावर काहीच टिकत नाही. मानेमागची, काखेतली मखमलीसारखी जाड काळी कातडी बहुतेक वेळा वाढलेल्या वजनाशी आणि इन्सुलिनच्या बिघाडाशी जोडलेली असते. तिथं लेझरच्या आधी रक्तातली साखर तपासायची.

आता फिकट डाग. बारीक कोंडा सुटणारे ठिपके बहुधा शिबं असतात, ती बुरशी आहे आणि साध्या औषधानं जाते. पण फिकट किंवा तांबूस चट्ट्यावर डोळे मिटून कापसाचा बोळा फिरवला आणि स्पर्श कळला नाही, तर कुठल्याही क्लिनिकात न जाता थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर हातापायांची हानी टळते. कुष्ठरोगाच्या उपचारांतलं क्लोफाझिमिन हे औषध कातडीचा रंग तांबूस-काळा करतं. कोर्स पूर्ण झाल्यावर तो हळूहळू उतरतो, कधी वर्षभरही लागतं. या रंगाला घाबरून औषध मध्येच सोडू नये आणि तो घालवण्यासाठी लेझरच्या मागे लागू नये.

चेहऱ्याच्या एकाच बाजूला, डोळ्याभोवती आणि कपाळाकडे निळसर-राखाडी डाग लहानपणापासून किंवा वयात येताना उमटला असेल तर तो नेव्हस ऑफ ओटा असू शकतो. कुठलंही मलम त्यावर चालत नाही, लेझर मात्र उत्तम चालतो. त्याच्यासोबत त्या बाजूच्या डोळ्याचा दाब एकदा तपासून घ्यावा. आणि जो तीळ अचानक वाढतोय, ज्याची कड किंवा रंग बदलतोय, ज्यातून रक्त येतंय, त्यावर लाइट मारू द्यायचीच नाही. तो आधी डॉक्टरांना दाखवायचा.

हे निदान करायला महागडं क्लिनिक लागत नाही. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर आणि गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, या सगळ्या ठिकाणी त्वचारोग विभाग आहे. जाताना घरातली सगळी मलमं आणि गोळ्या पिशवीत घालून न्या. नावं सांगता आली नाहीत तरी चालतं, डबी दाखवली की पुरतं.

ऊन अडवणं आणि मलम

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५० चं घ्या, डबीवर पीए आणि त्यापुढे किमान तीन अधिकची चिन्हं हवीत. वांग असेल तर कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण साधं पांढरं सनस्क्रीन दिसणारा प्रकाश अडवत नाही. माप असं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीवर मलमाची रेघ काढायची आणि ती चेहरा-मानेला संपवायची. उन्हात जाण्याआधी १५-२० मिनिटं लावायचं, घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा.

आता हिशेब करा. दोन बोटांचं मलम म्हणजे साधारण एक ग्रॅम किंवा थोडं जास्त. दिवसातून तीनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब पंधरवड्यात संपते. मजुरीवर जाणाऱ्या घराला हा खर्च वर्षभर झेपत नाही, आणि वाटाण्याएवढं लावलं तर डबीवरचं संरक्षण मिळत नाही. म्हणून आमचा पहिला भर कापडावर. जाड विणीचं, गडद रंगाचं, कोरडं कापड. जुना झिरझिरीत पांढरा दुपट्टा उन्हाकडे धरून बघा: आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात. सुती कापड घामानं ओलं झालं की आणखी कमी अडवतं, म्हणून एक कोरडा दुपट्टा सोबत ठेवा. त्यावर चारही बाजूंनी सात-आठ सेंटीमीटर काठ असलेली टोपी घातली तर नाक आणि गालांची वरची बाजू झाकली जाते. क्रिकेटची टोपी गाल झाकत नाही.

रोवणीच्या बांधीत पाण्यावरून आणि पांढऱ्या वाटांवरून परतणारा प्रकाश खालून चेहऱ्यावर येतो, त्यामुळे तिथं नुसती टोपी पुरत नाही, गालाभोवती कापड हवंच. वेळेचा अंदाज घड्याळाशिवाय घेता येतो: स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर ऊन कातडीला कडक. ढगाळ दिवशीही अतिनील किरणांतले यूव्हीए खाली पोचतात, आणि एसटीच्या खिडकीच्या काचेतूनही आत येतात.

मलमांत सगळ्यात मोठा धोका आहे तो मेडिकलच्या दुकानातून "गोरं करणारी" म्हणून मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबांचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही नावं डबीवर वाचा. पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल नसा दिसू लागतात, पुरळ येतं, बाईच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि ट्यूब बंद केली की आग होते. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असा नियम २०१८ मध्ये झाला, तरी ती हातोहात मिळतात. स्टेरॉइडनं पातळ झालेल्या चेहऱ्यावर लाइट मारली तर भाजण्याची शक्यता फार. आधी ट्यूब डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते, त्यात काही महिने जातात. नाव-पत्ता नसलेल्या डबीतल्या क्रीमचा धोका वेगळाच, त्यात पारा असू शकतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती.

वांगासाठी डॉक्टर जे देतात त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड यांचं एकत्र मलम असतं. ते फक्त रात्री, फक्त डागावर, साधारण ८ ते १२ आठवडे. तीच ट्यूब वर्षानुवर्षं लावली तर हायड्रोक्विनोनमुळेच कातडी निळसर-काळी होऊ शकते, आणि तो रंग काढणं वांगापेक्षा अवघड. गरोदर बाईला हे मलम चालत नाही, तिला ॲझेलेइक ॲसिड देता येतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्याही वांगावर देतात, पण त्यानं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. आपल्या भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णाला गुठळीचा धोका आधीच असतो. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते त्वचेच्या डॉक्टरांनाही दाखवा. चेहऱ्यासाठी गेलो म्हणून रक्ताचा आजार सांगायचा राहून जातो.

लाइट कातडीत जाऊन काय करते

हार्वर्डच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ही सगळी मशीनं चालतात. रंगाचा कण जी लाइट शोषेल तीच निवडायची, आणि फ्लॅश इतका छोटा ठेवायचा की कण तापून फुटेल पण ती उष्णता बाजूला पसरायच्या आत फ्लॅश संपलेला असेल. मेलॅनिनचा एकेक कण एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या आसपास थंड होतो. त्याला फोडायला त्याहून छोटा फ्लॅश लागतो, तो क्यू-स्विच्ड लेझर देतो.

आयपीएल लेझर नाही. त्यात झेनॉनचा दिवा असतो आणि तो साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर लहरलांबीची मिश्र लाइट फेकतो. समोर बसवलेला फिल्टर ठरावीक आकड्याखालची लाइट अडवतो: ५१५, ५६०, ५९०, ६४० असे फिल्टर येतात. त्याचे फ्लॅश मिलिसेकंदांचे, म्हणजे लेझरच्या मानानं खूप लांब असतात. ते कण फोडत नाहीत, रंग साठलेल्या पेशी तापवतात. त्या पेशी वर सरकून खपलीसारख्या गळतात.

आकडा जितका लहान तितकी मेलॅनिन ती लाइट जास्त ओढतं. ५१५ चा फिल्टर गोऱ्या कातडीवरचा डाग झटक्यात पकडतो, सावळ्या कातडीवर मात्र अख्खा वरचा थर तापवतो. त्वचारोगतज्ज्ञ कातडीचे सहा प्रकार मानतात, सगळ्यात गोरा पहिला आणि सगळ्यात काळा सहावा. फिट्झपॅट्रिक या डॉक्टरांनी १९७५ मध्ये सुरू केलेली ही मोजपट्टी आहे. विदर्भातले बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात, काही सहाव्या. चौथ्या प्रकाराला आयपीएल जपून करता येतं: ५९०-६४० चा फिल्टर, कमी ऊर्जा, एका झोताचे दोन-तीन तुकडे आणि त्यांच्यामध्ये कातडी थंड व्हायला वीस-चाळीस मिलिसेकंदांची विश्रांती. पाचव्या प्रकारात फार अनुभवी हात लागतो. सहाव्या प्रकारात आयपीएल करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या रंगांना १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर त्यामानानं सुरक्षित, कारण या लांबीची लाइट मेलॅनिन कमी शोषतं आणि ती खोल जाते. ओटाचा डाग त्यानंच काढतात, गोंदणही. कमी ऊर्जेवर तोच लेझर पूर्ण चेहऱ्यावर फिरवला की त्याला लेझर टोनिंग म्हणतात, आणि आधी काळी कार्बनची लेप लावून फिरवला की कार्बन फेशियल. मशीन एकच.

वांगावर या सगळ्याचा उपयोग किती? साठलेला रंग कमी होतो, रंग बनवणाऱ्या पेशींची खोड जात नाही. हराळी वरून खुडली आणि मुळं मातीत राहिली, तसं. टोनिंगच्या आठ-दहा सेशननंतर चेहरा उजळतो, आणि उन्हाचा, मलमाचा नेम सुटला की काही महिन्यांत वांग परत येतं. म्हणून "वांग कायमचं घालवून देतो" असं जिथं लिहिलं असेल तिथं जाऊ नका. तिळासारखे बारीक ठिपके, उन्हाचे सुटे डाग यांवर मात्र दोन-चार सेशनमध्ये चांगला फरक पडतो.

एलईडीचे मुखवटे ऑनलाइन मिळतात. निळ्या लाइटचा मुखवटा पुरळासाठी असतो, आणि निळी लाइट सावळ्या कातडीत डाग गडद करू शकते, तेव्हा डागांसाठी तो नकोच. घरी वापरायची आयपीएलची छोटी मशीनं केस काढायची आहेत. त्यांतली बरीच गडद कातडी दिसली की फ्लॅशच देत नाहीत. तो बिघाड नसतो, सुरक्षेसाठी केलेली सोय असते.

लाइट घ्यायची ठरलीच तर

आधीचे चार आठवडे चेहरा रापू द्यायचा नाही. ज्यांना वेचणीला किंवा तेंदूपत्त्याला जायचंच आहे त्यांनी त्या हंगामात सेशन घेऊ नये, हंगाम संपल्यावर महिना जाऊ द्यावा. आठवडाभर आधी ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. ट्रेटिनॉइनचं मलम पाच-सात दिवस आधी थांबवायचं. गोळ्या चालू असतील तर सांगायच्या: पुरळासाठी किंवा स्क्रब टायफससाठी घेतलेली डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइड, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातली औषधं, यांनी कातडी लाइटला हळवी होते. ओठावर वारंवार पाण्याचे फोड येत असतील, जखमेवर मांस वाढण्याची खोड असेल, ल्युपस (ऊन सोसत नाही असा एक आजार) किंवा कोड असेल, फिट येत असतील, हेही सांगायचं. गरोदरपणात ही ट्रीटमेंट पुढे ढकलायची.

दोन गोष्टी आपल्याकडे हमखास विसरल्या जातात. पहिली गोंदण. कपाळावर, हनुवटीवर, गालावर गोंदण असेल तर आयपीएलचा फ्लॅश त्यावर पडता कामा नये. गोंदणाची शाई सगळी ऊर्जा ओढून घेते आणि तिथं खोल भाजतं. ती जागा पांढऱ्या कागदानं किंवा जाड टेपनं झाकून, भोवती बोटभर अंतर सोडायचं. दुसरी दाढी. पुरुषाच्या गालावर आयपीएल मारलं तर तिथले केस विरळ होतात, कधी कायमचे. मिशीच्या कडेला डाग म्हणून फ्लॅश मारला आणि मिशीत खाच पडली, असं होऊ शकतं.

पहिल्या भेटीत पूर्ण चेहरा करू देऊ नका. कानापुढे किंवा जबड्याखाली एक-दोन फ्लॅशची चाचणी घ्यायची आणि वाट बघायची. भाजलं तर दोन दिवसांत दिसतं, पण सावळ्या कातडीत काळपटपणा यायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून २४ तासांत "काही झालं नाही" म्हणून पुढे जाणं चूक. चार आठवडे थांबावं.

सेशनच्या दिवशी चेहरा धुऊन कोरडा करतात, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढतात. डोळ्यांवर धातूचा किंवा पूर्ण अपारदर्शक चष्मा असायलाच हवा, डोळ्यांवर नुसता कापूस ठेवून चालत नाही. पापणीवर फ्लॅश मारल्यानं डोळ्याच्या आतल्या बुबुळाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मग थंड पारदर्शक जेलचा दोन-तीन मिलिमीटरचा थर. हँडपीसचं, म्हणजे मशीनच्या हातात धरायच्या भागाचं, टोक हाताला गार लागायला हवं, तुम्ही स्वतः बोट लावून बघा. फ्लॅश पडताना रबर ताणून सोडल्यासारखं चुरचुरतं. ते सोसण्यासारखं असतं. चटका बसून ओरडावंसं वाटलं तर तिथंच थांबवायला सांगा. सुन्न करणारं मलम जाड थापून आयपीएल करणं आम्हाला पटत नाही, कारण दुखणं हीच इथली पहिली सूचना.

बरोबर सेटिंगची खूण अशी: काही मिनिटांत डाग किंचित गडद होतो आणि भोवती हलकी लाली येते. कातडी राखाडी किंवा पांढरी पडली, लगेच फुगली, तर ऊर्जा जास्त झाली. लेझर टोनिंगमध्ये नुसती हलकी लाली पुरे. पूर्ण चेहऱ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं आणि सनस्क्रीन.

पुढच्या दोन-तीन दिवसांत लाली उतरते. डाग कॉफीच्या भुकटीसारखे बारीक काळे ठिपके होऊन पाच-दहा दिवसांत गळतात. हे ठिपके नखानं काढले की तिथं नवा डाग बसतो. हळद-लिंबू, बेसन-दही, मुलतानी माती, टूथपेस्ट यांतलं काहीही त्या आठवड्यात चेहऱ्याला नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर नुसत्या त्यानंच कातडी भाजते. आयपीएलची सेशन तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, एकूण साधारण तीन ते पाच. टोनिंगचं अंतर एक-दोन आठवड्यांचं.

काय बिघडतं आणि का

आयपीएलनं भाजलेला चेहरा ओळखू येतो: गालावर चौकोनी शिक्के किंवा पट्ट्या, हँडपीसच्या टोकाच्या आकाराच्या. ऊर्जा जास्त, फिल्टर चुकीचा, जेल कमी, टोक कातडीवर नीट टेकलेलं नाही, किंवा कूलिंग बंद पडलेलं, यांपैकी एक कारण असतं. वापरून जुना झालेला दिवा आणि तडा गेलेला फिल्टर स्क्रीनवर दाखवलेल्या आकड्यापेक्षा वेगळीच ऊर्जा सोडतात. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं आणि लाइन जाते, तेव्हा मशीन स्टॅबिलायझर-यूपीएसवर आहे का हे विचारण्यात संकोच करू नका. सेशन चालू असताना लाइन गेली आणि परत आली, तर टोक पुन्हा गार होईपर्यंत थांबायला हवं.

फोड आला तर फोडायचा नाही. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा आणि त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, ते थोड्या दिवसांसाठी औषध देतात. नंतर उरणारा काळपटपणा बहुतेकांचा उतरतो, पण तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागतो. त्या काळात घाईघाईनं दुसरं लेझर मारून तो "दुरुस्त" करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

टोनिंगचं बिघडणं वेगळं. खूप सेशन, कमी अंतर, जास्त ऊर्जा झाली की तांदळाच्या कण्या उधळल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. ते भरून यायला फार काळ लागतो, काही भरतच नाहीत. एक जरी पांढरा ठिपका दिसला तरी पॅकेजची सेशन उरली आहेत म्हणून पुढे जायचं नाही.

लग्नाचं वेळापत्रकही इथंच बघून घ्या. निदान, मलमाचे दोन-तीन महिने, चाचणीचा एक महिना, मग तीन सेशन: हे सगळं सहा-सात महिन्यांचं काम आहे. मेमधल्या लग्नासाठी सुरुवात दिवाळीच्या आधी हवी. लग्नाला पंधरा दिवस उरले असतील तर कुठलीही लाइट नको. सौम्य मॉइश्चरायझर, टिंटेड सनस्क्रीन आणि चांगला मेकअप, एवढ्यावर भागवा.

क्लिनिक निवडताना डॉक्टरांच्या नावापुढे त्वचारोगाची पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा, आणि फ्लॅश प्रत्यक्ष कोण मारणार ते विचारा. पूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरू नका, चाचणीनंतर एकेका सेशनचे द्या. दर वेळी तुमच्या कागदावर तारीख, मशीनचा प्रकार, फिल्टर किंवा नॅनोमीटर, ऊर्जा आणि फ्लॅशची लांबी लिहून घ्या. पुढे दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्यांना या पाच नोंदी लागतात, आणि त्या लिहून द्यायला जे क्लिनिक तयार नसेल तिथं चेहरा ठेवू नका.